पाइपला सिल्व्हर मारला तरी पाइपच दिसतो, मग करायचं काय

प्रश्न असा आलाय. कागल तालुक्यातला एक पोरगा आहे, कॉलेजच्या गॅदरिंगला स्किट बसवलंय, त्यात ‘स्टार वॉर्स’ सिनेमातल्या हिरोचा लाइटसेबर, म्हणजे दांड्यातनं उजेडाचं पातं निघणारी तलवार, पायजे. थ्रीडी प्रिंटर नाही, ऑनलाइन तयार मिळतोय तो परवडत नाही, खिशात पाच-सहाशे रुपये. त्यानं शेतातल्या पाइपाचा तुकडा कापला, सिल्व्हर स्प्रे मारला, काळी टेप गुंडाळली, आणि आता मित्र म्हणत्यात हा तर बोअरचा पाइप. तर त्यानं फोटो पाठवून विचारलंय की स्प्रे कुठला चांगला?

भावा, स्प्रेचा काय दोष नाही. तुझा प्रश्न रंगाचा नाहीच, ओळखीचा आहे. बघणाऱ्यानं पाइप ओळखला, आणि एकदा ओळखला की वरनं चांदीचा पत्रा चढवलास तरी तो त्याला पाइपच दिसणार. म्हणून हे सगळं उत्तर एकाच गोष्टीभोवती फिरणार आहे : वस्तूची ओळख मोडायची कशी.

मी कोल्हापुरात वीसेक वर्षं हेच करतोय, शूटिंगची, नाटकाची प्रॉपर्टी, म्हणजे नटांच्या हातातल्या, सेटवरच्या वस्तू, आणि गणपतीत मंडळांचे तांत्रिक देखावे. आमच्यात प्रॉप म्हणत नाहीत, प्रॉपर्टी म्हणतात, त्यामुळं लग्न जमताना सासरच्यांना वाटलं होतं पोरगा जमिनीच्या व्यवहारात आहे. असो.

आधी एक सांग, हे बघणार कोण आणि किती लांबनं? कारण सगळं त्यावर आहे. शोकेसमध्ये ठेवायचा असला तर एकेक स्क्रू बघितला जातो. मोबाइलवर व्हिडिओ करणार असाल तर क्लोजअप किती त्यावर ठरतंय. स्टेजवर पाचव्या रांगेतनं दोन-तीन मिलिमीटरचं बारीक काम कुणाला दिसत नाही, तिथं फक्त आकार, चमक आणि तुझा हात कसा धरतोय एवढंच दिसतं. आणि दुसरं, या लाइटसेबरनं मारामारी करणार का? करणार असाल तर खाली पातं लिहिलंय ते नीट वाच, आदळाआपट झाली की सगळी चिकटवाचिकटवी पहिल्या मिनिटात स्टेजवर सांडत्या. तू स्किट म्हणालास म्हणून मी स्टेज धरून चालतो.

आता मूळ वस्तू कशी झाली ते बघ, तुझा निम्मा प्रश्न तिथंच सुटतोय. तो पहिला सिनेमा १९७७ चा. सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चन, त्या टीमला कला दिग्दर्शनाचं ऑस्करपण मिळालं. हिरोचं हत्यार करायला त्यांनी काय ओतलं नाही, घडवलं नाही. लंडनमधल्या एका फोटोग्राफीच्या दुकानात जुन्या प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या दांड्या मिळाल्या, ग्राफ्लेक्स कंपनीच्या. त्यातली एक घेतली, खालच्या अंगाला कपाटाच्या रबरी पट्ट्या चिकटवल्या, मधल्या क्लॅम्पमध्ये जुन्या कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरची भिंगाची पट्टी सरकवली, बुडाला कडी लावली, झालं. त्याच सिनेमातल्या म्हाताऱ्या गुरूच्या हत्यारात तर जेट इंजिनातला पाइप, रायफल ग्रेनेडचा तुकडा आणि चक्क बाथरूमच्या नळाची चक्री आहे! जगभरच्या लोकांनी ती चक्री बघितली आणि कुणाला नळ आठवला नाही. का, ते पुढं सांगतो.

तर त्या फ्लॅशच्या दांडीत तीन मोठे सेल बसायचे, डी साइजचे. आता डोकं चालव. मोठा सेल जगात सगळीकडं सारखा, जाडी ३४ मिमीच्या आसपास, लांबी साडेएकसष्ट. तीन सेल म्हणजे साधारण साडेअठरा सेंमी. असली नळी, निकेलची चमक असलेली, तुझ्या घरात कुठं आहे सांग बघू? आज्जाची तीन सेलची बॅटरी! रात्रीची लाइट आली की उसाला पाणी पाजायला जाताना हातात असायची ती. ती आणि ग्राफ्लेक्सची दांडी म्हणजे एकमेकींच्या मावसबहिणी, दोघी तीन सेल पोटात घेऊन जन्मल्यात, त्यामुळं माप आपोआप जुळतंय. पत्र्याची पायजे हां, प्लॅस्टिकची नको. घरात नसली तर भंगारवाल्याकडं बघ, किंवा गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचार, एकाच्या तरी माळ्यावर निघतीच.

उघडलीस की आत पांढरी-हिरवी पूड दिसली तर घाबरू नको, सेल पाझरलाय. आपले साधे लाल सेल झिंक-कार्बनचे असतात, त्यांचा पाझर आम्लाच्या बाजूचा, म्हणून खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशनं घास आणि उन्हात वाळव. अल्कलाइन सेल फुटला असला तर उलटं, लिंबू लाव. हातात मोजे घाल.

पुढचं मोठं डोकं, काचेचं, फिरवून काढायचं. ते राहिलं की बॅटरी ओळखली गेली. त्या जागी सिंकच्या खाली असतंय ते वेस्ट कपलिंग उलटं बसव, प्लंबर जुनं काढून टाकतात ते फुकट मिळतंय. नाहीतर काळी रंगवलेली बाटलीची झाकणं आत, आणि तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे दोन छोटे कान वाकवून बाहेर.

बॅटरी नाहीच मिळाली तर पाइप घे, पण मापाचा गोंधळ समजून घे, इथं सगळे फसतात. शेतीचा पाइप ४० एमएम म्हणतात तो बाहेरनं ४०. घरातल्या पाण्याचा जाड पांढरा सव्वा इंची म्हणतात तो बाहेरनं ४२ च्या वर भरतो, आणि सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्याच्या लाइनचा, सव्वा इंची ३५ च्या आत. नाव एक, जाडी तीन. म्हणून दुकानात इंच बोलू नको, सुतळी गुंडाळ, मोज, ३.१४ नं भाग. आणि जाडी काय यील ती यील, प्रमाण सोडू नको : एकूण लांबी जाडीच्या साधारण सव्वासात पट. मूळ वस्तू अठ्ठावीस सेंमीच्या आसपास आणि जाडी दीड इंच. ४० चा पाइप असला तर २९ सेंमी ठेव, ३२ चा असला तर २३. तुझ्या फोटोत तुकडा फुटापेक्षा बराच मोठा दिसतोय, म्हणूनच तो बोअरचा वाटला. माप चुकलेलं बघणाऱ्याला सांगता येत नाही पण खटकतंय शंभर टक्के.

आता आपली ओळखीची गोष्ट. चांद्रयान-३ उतरलं त्या वर्षी, २०२३ ला, गणपतीत यानाचे देखावे खूप झाले, एक मीपण केला. थर्माकोल, सोनेरी फॉइल, लाइटिंग, सगळं जगात भारी. एका नळकांड्याच्या टोकाला मला काहीतरी तांत्रिक पायजे होतं, घरातनं कुकरची शिट्टी आणली आणि लावली. पहिल्या संध्याकाळी पाच वर्षाचं एक पोरगं खांद्यावर बसून आलं आणि जोरात ओरडलं, आई ती बघ शिट्टी! झालं. रांगेतला प्रत्येक माणूस त्यानंतर यान सोडून शिट्टी शोधायला लागला. रात्री दीडला शिडी लावून काढली.

मी चुकलो कुठं? शिट्टी मी उभी लावली होती, जशी कुकरवर असती तशीच, आणि स्टीलचा रंग तोच ठेवला होता. तीच आडवी करून, निम्मी आत गाडून, काळी करून लावली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्या सिनेमातली नळाची चक्री का चालली? कारण ती नळावर नव्हती, वर पाणी नव्हतं खाली बेसिन नव्हतं, दांड्याच्या बाजूनं तिच्या फक्त खाचा दिसत होत्या. वस्तूला ओळख तिच्या जागेमुळं, उभं-आडवं असण्यामुळं आणि रंगामुळं असती. यातल्या दोन गोष्टी बदल, ओळख मोडती. एकच बदलून भागत नाही, तू एकच बदललीस, रंग.

हे धरून घरात फीर. क्लॅम्पसाठी बाजारातली होज क्लिप लावू नको, तिच्या त्या दातऱ्या पट्टीवरनं गॅसची नळी लगेच आठवती. तेलाच्या डब्याचा पत्रा दीड-दोन सेंमी रुंद काप, कडा आत दुमडून घे, हात कापतोय, आणि मध्यावर गुंडाळ. त्यावर तरफ पायजे, ती मोडक्या टिफिनची बाजूची क्लिप. टिफिनवर ती उभी असती, इथं आडवी लावायची. भिंगाच्या पट्टीला माझा आवडता जुगाड म्हणजे गोळ्यांची पारदर्शक स्ट्रिप, बारीक गोल गोळ्यांची. रिकामे फुगे एका ओळीत कापून घ्यायचे, मागनं अरल्डाइट, म्हणजे दोन ट्यूब मिसळून लावतात तो गोंद, भरायचं, वाळलं की खाली काळा कागद. लाइट पडली की अगदी भिंगं दिसत्यात. मोठ्या कॅप्सूलची स्ट्रिप घेऊ नको, ती स्ट्रिपच दिसती. मूळ दांडीवर लाल बटण आहे, त्याला जीन्सचं पितळी बटण आणि वर लाल नेलपॉलिशचे दोन हात. बुडाच्या कडीला जुन्या दप्तराच्या पट्ट्यातली डी रिंग.

रबरी पट्ट्यांना गाडीच्या वायपरचं रबर सगळ्यात चांगलं, गॅरेजवाला फेकूनच देतो. नाहीतर अॅल्युमिनियम खिडक्यांच्या दुकानातलं काचेचं रबर मीटरवर मिळतंय. फ्रिजच्या दाराचं रबर नको, मऊ पडतंय. किती पट्ट्या लावायच्या? पहिल्या सिनेमात सात आहेत, दुसऱ्यात सहा, फॅन लोक यावरनं भांडतात. सहा लावणं सोपं कारण कागद दुमडून भाग पडतात. सातला अडतंय, त्याची युक्ती सुताराची आहे. पाइपाला कागद एकदा गुंडाळ, जिथं भेटतो तिथं काप. ४० च्या पाइपाला तो साडेबारा सेंमी रुंद भरंल, उंची सात सेंमी तरी ठेव. आता मोजपट्टी तिरकी ठेव, शून्य डाव्या कडेवर आणि १४ उजव्या कडेवर यील अशी, आणि दर दोन सेंमीला टिंब दे. त्या टिंबांतनं कडेला समांतर रेघा मार, सात समान भाग पडले, गणित करायला लागलं नाही. कागद परत गुंडाळून खुणा उतरव.

चिकटवताना सुपरग्लू कमी वापर. एकतर आदळलं की कडकन सुटतोय, आणि आजूबाजूला पांढरी वाफ बसती, ती काळ्या रबरावर लई घाण दिसती. रबराला चपलेचं सोल्यूशन लाव, दोन्हीकडं, दहा मिनिटं सुकू दे, मग दाब. कोल्हापुरात राहून चपलेचं सोल्यूशन मिळत नाही असं सांगू नको. पत्र्याला, पितळेला अरल्डाइट.

आता तुझा मूळ प्रश्न, स्प्रे. बॅटरी मिळाली तर रंगवूच नको! खऱ्या धातूवर रंग मारणं म्हणजे गुन्हा, ब्रासोनं घास आणि थांब. पाइप असला तर पहिल्यांदा त्याच्यावरची छापील अक्षरं थिनरनं पूस, ती रंगाखालनंपण उमटतात, मग २२० आणि ४०० चा वॉटर पेपर मारून गुळगुळीत पण बिनचमकीचा कर. कापलेल्या तोंडाला, जोडाला लांबी भर, म्हणजे पुट्टी, गाड्यांचे पेंटर वापरतात ती, वाळली की परत पेपर. तुझ्या कापलेल्या टोकाला करवतीच्या रेघा दिसत्यात, पाइप ओळखला जायचं ते दुसरं कारण. त्यावर प्राइमर.

स्वस्त सिल्व्हर राखाडीच दिसणार, कारण त्यात अॅल्युमिनियमची बारीक पूड असती आणि ती कशीपण पसरती. थोडं बरं पायजे तर आधी चकचकीत काळा मार, पूर्ण वाळू दे, मग वरनं पातळ क्रोम, आणि त्याच्यावर लॅकर मारू नको, चमक मरती. पण दोन डबे घेतलेस तर निम्मं बजेट तिथंच गेलं. मी असतो तर स्प्रे घेतलाच नसता, एसीवाले डक्टला लावतात ती अॅल्युमिनियम फॉइलची टेप घेतली असती. उभी लाव, जोड रबरी पट्टीच्या खाली लपव, आणि चमच्याच्या पाठीनं घासत बस, अर्धा तास, टीव्ही बघत. खरा धातूच आहे तो, मग धातूसारखा दिसणारच. पुट्टी नीट नाही बसली तर मात्र टेप एकेक खड्डा चहाडी करून सांगती. स्प्रेच मारायचा असला तर जानेवारीत मार बाबा, आपल्याकडं जुलै-ऑगस्टात दमट हवेनं रंगावर पांढरट साय धरती, गणपतीच्या कामात आम्ही हॅलोजन लावून रंग वाळवतो.

सगळं झालं की ते नवंकोरं दिसंल, म्हणजे खेळणं. आता मळ द्यायचा. काळा पोस्टर कलर पातळ करून सगळीकडं फास, अर्ध्या मिनिटात कापडानं पूस. खाचांत, पट्ट्यांच्या बुडात, क्लॅम्पच्या कडेला काळं राहतंय, उंच भाग चमकतात. नियम एकच, जिथं बोट पोचत नाही तिथं मळ आणि जिथं हात घासतो तिथं झळाळी. नवीन पोरं उलटं करत्यात, मधोमध डाग मारत्यात, मग ते चिखलात पडल्यागत दिसतंय. काळ्या भागांच्या धारेवर ६बी पेन्सिल घास, खालनं लोखंड उघडं पडल्यासारखं वाटतंय.

पातं. सिनेमात ते उजेडाचं पातं सेटवर नव्हतंच, प्रकाश परत फेकणारा कागद लावलेला दांडा होता, आणि उजेड नंतर एकेका फ्रेमवर चढवला. तुला स्टेजवर ते करता येणार नाही. गेलेली एलईडी ट्यूबलाइट शोध, प्लॅस्टिकच्या नळीची. काचेची असली तर हात लावू नको, आणि जुन्या जाड ट्यूबा तर नकोच, त्यात पारा असतो. ट्यूब बोर्डातनं काढून, आतली पट्टी आणि सर्किट बाहेर काढून टाक, ते घरच्या करंटवर चालणारं आहे, आपल्या कामाचं नाही. उरली ती दुधी नळी, इंचभर जाड, चार फूट लांब, ती तीन फुटावर काप. आत टीव्हीमागं लावतात ती पाच व्होल्टची निळी यूएसबी पट्टी, हिरोचं पातं निळंच होतं, एका लाकडी पट्टीच्या दोन्ही अंगांना चिकटव आणि भोवती बटर पेपर गुंडाळ, म्हणजे ठिपके दिसत नाहीत.

आणि करंट कुठनं? बॅटरीच्या तीन सेलचे साडेचार व्होल्ट होतात, पाच व्होल्टच्या पट्टीला चालतात, उजेड किंचित कमी. बल्बच्या जागी यूएसबीचा प्लग कापून त्याच्या लाल-काळ्या वायरी जोड, नाही लागली तर अदलाबदल कर. बॅटरीचं मूळचं सरकतं बटण क्लॅम्पच्या खाली येऊ दे, वर टिफिनची क्लिप उचलली की अंगठा पोचतो. बटण लपलं आणि चालतंयपण. शिवाय नवे सेल आत असले की वजन येतंय, आणि वजन लई महत्त्वाचं आहे. पोकळ पाइप धरला की मनगट मऊ पडतंय, समोरच्याला कळतंय ह्यात काय नाही. पाइपवाल्यांनी आत वाळू भरून दोन्ही बाजूनं बुच मारा, पाव किलोच्या वर. नळी दांड्यात ढिली होणार, मधल्या फटीत सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ठोकून बसव. ही नळी फिरवायला, रोखायला आहे, एकमेकांवर आपटायला नाही. आपटायचंच असलं तर प्रकाशाचा नाद सोडून दुसरा एक जोड वेताच्या काठीचा कर आणि मारामारीच्या वेळी स्टेजची लाइट कमी करा.

संपलं का बघायला एक तपासणी. रात्री खोली अंधार करून मोबाइलच्या उजेडात त्याची सावली भिंतीवर पाड आणि शेजारी मूळ वस्तूचा फोटो धर. सावलीत रंग नसतो, चमक नसती, नुसता आकार. तिथं जुळलं नाही तर परत क्लॅम्पची जागा आणि लांबी बघ, रंगाच्या मागं लागू नको. इथं कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि दामल्यांनी १९१८ च्या सुमाराला सिनेमाचा कॅमेराच घरचा घडवला, तुझा तर नुसता दांडा आहे. एखादी चकती फिरवून घ्यायचीच झाली तर उद्यमनगरात लेथवाल्याला माप कागदावर लिहून दे, तोंडी सांगू नको, आणि दुपारी जेवायच्या वेळी जाऊ नको.

हां, आणि आज्जाची बॅटरी विचारून घे. तशीच उचलशील आणि त्या रात्री नेमकी उसाला पाण्याची पाळी असंल.